बुंदी गाजर थुंकते, आता काय देऊ?

पत्र: नमस्कार, आमच्याकडे बुंदी नावाची देशी कुत्री आहे, नऊ महिन्यांची, वजन 12 किलो, सोसायटीच्या गेटपाशी सापडलेली. घरात एकदम शहाणी, बस म्हटलं की बसते, ये म्हटलं की येते. पण खाली पार्किंगमध्ये नेलं की मी कोण आणि ती कोण, मांजर दिसलं की संपलंच सगळं. पेट शॉपमधल्या ट्रीट महाग पडतात आणि पाकीट चार दिवसांत रिकामं होतं, म्हणून मी गाजराचे तुकडे न्यायला लागले, तर घरात ती ते आवडीने खाते आणि खाली गेल्यावर तेच तोंडातून थुंकून टाकते. डबा वाजवला तर येते कधीकधी. आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही, तेव्हा चिकन वगैरे सुचवू नका प्लीज. सासूबाई तिला सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर दोनदोन बिस्किटं देतात आणि रात्री तूप लावलेली पोळी, त्यांना काही बोलता येत नाही. माझं माहेर निफाडचं, द्राक्षबाग आहे, आत्ता घरात क्रेट भरून द्राक्षं पडलीयेत. साइजही बरोबर आहे, तर ती वापरली तर चालतील का? काल दोन खाल्ली तिने, काही झालं नाही. – गोंधळलेली, नाशिक

ताई, आधी द्राक्षांचं बोलू, बाकी सगळं नंतर. द्राक्षं चालणार नाहीत, एकसुद्धा नाही, साइज कितीही परफेक्ट असली तरी. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या की आत्ताच्या आत्ता व्हेटला फोन करा, पण इथे परत लिहितेय कारण नाशिक, सांगली, तासगावकडे हे घरोघरी होत असणार, बागेतून पेट्या येतात, पोरं खाताखाता एखादा मणी खाली टाकतात आणि कुत्रं तो गट्ट करतं. द्राक्षाने कुत्र्याची किडनी जाऊ शकते. त्यातही वाईट हे की कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचं गणित कोणाला मांडता येत नाही, एखादं मूठभर खाऊन शेपूट हलवत फिरतं आणि एखादं थोडक्यात आडवं होतं. 2021 साली अमेरिकेतल्या, प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. ते द्राक्षात असतंच, पण जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमीजास्त, म्हणून तर कालच्या दोन मण्यांनी काही झालं नाही यावरून उद्याच्या दोन मण्यांचं काहीच सांगता येत नाही. बेदाणा म्हणजे तेच द्राक्ष, फक्त पाणी उडालेलं, त्यामुळे शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. आणि हेच ॲसिड चिंचेत भरपूर असतं, चिंच खाऊन किडनीला त्रास झालेल्या कुत्र्यांच्या केसेस आहेत, तेव्हा चिंचगुळाच्या आमटीत पोळी कुस्करून द्यायची सवय कोणाकडे असेल तर ती आजपासून बंद. उलट्या साधारण पहिल्या चोवीस तासांत होतात, मग मरगळ, खाणं सोडणं, आणि शू कमी होणं हे एकदोन दिवसांनी दिसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून मोकळं व्हायचं नसतं. आणि कुठेतरी व्हिडिओ बघून मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठाने वेगळंच लफडं होतं. तुम्ही लगेच रक्त तपासून घेतलंत आणि रिपोर्ट नॉर्मल आला हे तुमच्या उत्तरात वाचून मला खरंच हायसं वाटलं.

आता गाजर. गाजर वाईट अजिबात नाही, उलट छान आहे, पण पगार म्हणून ते कमी पडतंय. घरात बुंदीसमोर दुसरं काय असतं, भिंती, सोफा आणि संध्याकाळची मालिका, तिथे गाजराचा तुकडा म्हणजे सुद्धा इव्हेंट. खाली मांजर, कचऱ्याचा डबा, कालच्या कुत्र्याने टायरवर केलेली शू, ही सगळी तिच्यासाठी चालू असलेली जत्रा आहे आणि त्या जत्रेतून तुम्ही तिला गाजरावर उठवून आणताय. कोण येईल? कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण 1700, माणसाला 9000 च्या आसपास, म्हणजे चव हा त्यांचा मुख्य धंदाच नाही, ते नाकाने जेवतात आणि गाजराला फ्रिजमधून काढल्यावर वास किती येतो ते तुम्हीच हुंगून बघा. तर पार्किंगमध्ये न्यायची वस्तू ही वासाची हवी, मऊ हवी म्हणजे चावत बसावं लागत नाही, एका घोटात पोटात आणि लगेच नजर परत तुमच्याकडे. किंमतीचा काही संबंध नाही. महागाची ती हाडाच्या आकाराची बिस्किटं कुत्रं दोन मिनिटं कडकड चावत बसतं, चुरा शोधत फरशी चाटतं, तोपर्यंत आपण कशाचे पैसे दिले हेच ते विसरलेलं असतं.

पण त्याहून मोठा प्रॉब्लेम तुमच्या पत्रात एका वाक्यात येऊन गेलाय आणि तुम्ही त्याला प्रॉब्लेम म्हटलेलंच नाहीये. आईंची, म्हणजे तुमच्या सासूबाईंची, बिस्किटं. थांबा, चिडू नका, मी आईंच्या विरोधात नाहीये, पुढे बघालच. नुसता हिशोब बघा. 12 किलोच्या नऊ महिन्यांच्या बुंदीला दिवसाला अंदाजे 750 ते 850 कॅलरी लागत असतील, किती पळते त्यावर. व्हेट लोकांचा नियम असा की ट्रीट आणि वरखाणं सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे हातात आल्या फार तर 75 ते 85. ग्लुकोज बिस्किटात 100 ग्रॅमला 450 च्या आसपास कॅलरी असतात, एक छोटं बिस्किट वीसबावीसला पडतं, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, झाला कोटा खल्लास, आणि बुंदीने अजून एक कामसुद्धा केलेलं नाही. वर रात्री पोळी, मध्यम आकाराची असली तरी शंभरेक कॅलरी, तिच्यावर चमचाभर तूप म्हणजे अजून 45. ज्याला महिन्याचा पगार घरबसल्या बँकेत जमा होतो तो गाजरासाठी मांजर सोडून कशाला येईल हो?

मी हे शहाणपण पैसे आणि वजन मोजून शिकलेय. आमचा पहिला कुत्रा खंड्या, त्याला मी सगळं चीजवर शिकवलं, स्लाइसचे तुकडे, एका वेळी नखाएवढे नाही तर चांगले टपालाच्या तिकिटाएवढे, आणि पठ्ठ्या सहा महिन्यांत सगळं शिकला, पण व्हेटने टेबलावर ठेवल्यावर विचारलं की हा कुत्रा आहे की बैठकीतला लोड. पुढचे चार महिने दुधी आणि काकडी. खंड्याने मला त्याबद्दल कधी माफ केलं नाही असं मला अजून वाटतं.

तर साइज. तूरडाळीच्या दाण्याएवढा तुकडा, वाटाणासुद्धा मोठा झाला. कुत्रं तुकडे मोजतं, ग्रॅम मोजत नाही. एक मोठा तुकडा आणि सहा बारीक तुकडे एकामागून एक, यात सहाची मजा त्याला जास्त येते आणि पोटात जातं तेवढंच.

आता तुमच्या स्वयंपाकघरात शिरू. पण बुंदीला काय आवडतं हे मी सांगण्यापेक्षा तिलाच विचारा. दुपारी, पोट अर्धं भरलेलं असताना, दोन मुठींत दोन वेगळ्या गोष्टी धरा, समजा एकीत पनीर, एकीत उकडलेलं रताळं, दोन्ही मुठी तिच्या नाकासमोर, आणि बघा ती कुठल्या मुठीपाशी रेंगाळते. हात बदलून पाचसहा वेळा करा, कारण काही कुत्री उगीचच एकाच बाजूला जातात. मग जिंकलेली वस्तू पुढच्या वस्तूबरोबर लावा. अशी कुस्ती लावलीत की अर्ध्या तासात यादी तयार होते, तळाला बहुतेक काकडी आणि गाजर असेल, मध्ये रताळं, पोळी, डाळं, वर पनीर. पण कोणाचं काही सांगता येत नाही, माझ्या ओळखीतली एक लॅब्रॅडॉर कुत्री पपईसाठी जीव टाकते. ही यादी फ्रिजवर चिकटवा. तळाचं घरात वापरायचं, मधलं जिन्यात आणि गच्चीवर, वरचं फक्त आणि फक्त पार्किंगमध्ये. पनीर घरात सोफ्यावर बसून लाडाने दिलंत की त्याचं मोल गेलं, हे लक्षात ठेवा.

पनीर विकत आणायलाही नको. दूध नासलं की आपण हळहळतो ना, ते गाळा, पाण्याने खळखळून धुवा म्हणजे आंबटपणा जातो, फडक्यात बांधून वरवंट्याखाली दाबून ठेवा, मीठ अजिबात नको. गाईच्या किंवा टोन्ड दुधाचं असेल तर बरं, म्हशीच्या दुधाच्या पनीरमध्ये फॅट जास्त आणि फॅट जास्त झालं की काही कुत्र्यांना स्वादुपिंडाला सूज येते, ते प्रकरण साधं नसतं. अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे केलेत तर 10 ग्रॅम पनीरचे सत्तरऐंशी तुकडे होतात, पनीर भुसभुशीत असलं तर साठ म्हणा, आणि या सगळ्या ढिगाच्या कॅलरी तीसच्या आसपास! म्हणजे दीड बिस्किटाच्या कॅलरीत साठ वेळा शाब्बासकी. तुकडे ताटलीत पसरून फ्रीझरमध्ये कडक करा, मग डबीत भरा, म्हणजे गठ्ठा होत नाही, खाली जाताना वीस तुकडे काढले की जिना उतरेपर्यंत मऊ होतात आणि हाताच्या उबेने वासही सुटतो. उन्हाळ्यात नाशिकच्या उकाड्यात खिशात दोन तास राहिलेलं पनीर परत फ्रीझरमध्ये टाकू नका, फेकून द्या. आणि पनीर खाऊन पोट बिघडलं तर दुधातली साखर तिला पचत नाहीये, मग पनीरला सुट्टी. नवी कुठलीही वस्तू एकावेळी एकच सुरू करा, दोनतीन दिवस शी बघा, मग दुसरी.

रताळं आणि लाल भोपळा हे मात्र मला पनीरपेक्षाही जवळचे, कारण स्वस्त, पोटाला सोसणारे आणि वाळवता येतात. उकडून, पातळ काप करून गच्चीवर वाळवणाच्या शेजारीच ताटात पसरा, वर मलमलचा कपडा, एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवसांत चामड्यासारखे चिवट होतात आणि कात्रीने बारीक कापता येतात. वाळवल्यावर त्यांचा गोडसर वास घट्ट होतो. पावसाळ्यात हा उद्योग नको, दमट हवेत वरून कोरडं दिसतं आणि आत बुरशी धरते, तेव्हा सरळ उकडून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. दुधीही चालतो पण आधी कच्चा तुकडा स्वतः चाखून बघा, कडू निघाला तर तो माणसानेही खायचा नसतो.

डाळं, म्हणजे पंढरपुरी, चिवड्यात घालतो ते. आयता साइज, खिसा खराब होत नाही, कुठेही नेता येतं, घरातल्या सरावासाठी एक नंबर. बिनमिठाचं घ्या आणि दिवसाला पंधरावीस दाण्यांवर जाऊ नका, नाहीतर रात्री बुंदीच्या शेजारी कोणाला बसवणार नाही.

आणि आता आईंच्या हातची रेसिपी, मुद्दाम त्यांच्यासाठी. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, बास. गूळ नाही, मीठ नाही, तूप नाही, सोडा नाही. लागेल तेवढंच पाणी घालून घट्ट मळायचं, जाडसर लाटायचं आणि शंकरपाळ्याच्या कातण्याने अगदी बारीक शंकरपाळे कापायचे, नेहमीच्या चौथाई आकाराचे. तळायचे नाहीत, तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून परतत परतत पंधरावीस मिनिटं, खरपूस वास आला की झाले. शेंगदाणे मात्र ताजे घ्या, खवट किंवा काळसर डागाचे नकोत, बुरशी लागलेल्या दाण्यातलं विष कुत्र्याच्या लिव्हरला झेपत नाही. हे शंकरपाळे बिस्किटांच्या बरणीत भरायचे. बिस्किटांची बरणी तीच, जागा तीच, झाकणाचा आवाज तोच. बुंदीला फरक कळणार नाही असं नाही, पण ती तक्रार करणार नाही.

त्या आवाजाचं महत्त्व बघा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, पण आज आपण त्याचं नाव घेतो ते कशामुळे, तर त्याच्या लक्षात आलं की खाणं आणणाऱ्या माणसाची पावलं ऐकूनच कुत्र्यांना लाळ सुटतेय. तुमच्या घरी ही लॅब आई रोज दोनदा चालवतात. कपबशीचा आवाज, बरणीचं झाकण, आणि बुंदी बेडरूममधून वाऱ्यासारखी हजर, बरोबर? म्हणजे बुंदीला बोलावल्यावर यायला येतं. तिला फक्त तुमच्या हाकेचा अर्थ तेवढा पक्का झालेला नाहीये जेवढा त्या झाकणाचा झालाय. आईंना न कळत जे जमलंय तेच आपल्याला कळून करायचंय.

हो, आणि तुमचं ते डबा वाजवणं. डबा आधी दाखवून बोलावणं म्हणजे लाच. काम झाल्यावर खिशातून काढून देणं म्हणजे पगार. लाचेची सवय लागली की कुत्रं आधी हात बघतं, रिकामा दिसला तर ओळखसुद्धा दाखवत नाही, आपल्याकडे काही ऑफिसांत कसं असतं तसं. तेव्हा डबा घरी ठेवा, कमरेला एक बटवा बांधा, आत छोटी डबी, आणि तिला पनीर दिसेल ते ती आल्यानंतरच.

पार्किंगचा सराव असा. तुमचं ‘ये’ आता झिजलंय, ते तुम्ही खाली पन्नास वेळा म्हणत असाल, त्यातले चाळीस वेळा ती येत नसेल आणि वर कधीकधी आली की रागावत असाल किंवा आंघोळीला नेत असाल. तो शब्द सोडून द्या. नवा घ्या, जो घरात एरवी कोणी बोलत नाही, मी ‘धाव-धाव’ सुचवेन, बारीक आवाजात, लहान मुलाला बोलावल्यासारखा. शेजारी हसतील, हसू द्या. आणि एक छोटा आवाज ठरवा, जिभेने टाळ्याला टॉक करतो तो, त्याचा अर्थ ‘हेच बरोबर, पैसे येतायत’. पहिल्या दिवशी नुसतं टॉक आणि तुकडा, टॉक आणि तुकडा, पंधरा वेळा. कारण पगार सेकंदभरात पोचायला हवा आणि तुमचा हात बटव्यात अडकतो, झाकण निघत नाही, तोपर्यंत ती कबुतराकडे बघायला लागते आणि मग तुम्ही कबुतराकडे बघण्याचे पैसे देता. आवाज मात्र लगेच काढता येतो.

मग घरात दोन खोल्यांतून ‘धाव-धाव’, डाळं किंवा रताळ्यावर, जेवणाच्या आधी, पाचच मिनिटं, दिवसातून तीनदा. दहापैकी आठ वेळा धडाक्याने आली की जिना. तिथे आठ झाले की गच्ची. मग दुपारी दोनचं रिकामं पार्किंग, हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, पाचसात मीटरची लांब सुती दोरी बांधून, गळपट्ट्याला नको, झटका मानेला बसतो. आणि तिथे पहिल्यांदा पनीर. ती आली, टॉक, आणि एक नाही, पाचसहा तुकडे एकामागून एक, अगदी तुमच्या पायाशी, दुसऱ्या हाताने हार्नेस धरून, आणि मग ‘जा’ म्हणून परत सोडा. हे परत सोडणं लोक विसरतात. आलं की दोरी आणि घर, आलं की दोरी आणि घर, असं झालं की हुशार कुत्रं यायचंच बंद करतं, आणि देशी कुत्री तर फारच हुशार असतात.

मांजराची वेळ सगळ्यात शेवटी, तीसुद्धा लांबून. मांजर दिसतंय पण बुंदी अजून तुकडा घेतेय, एवढं अंतर शोधा, मग ते वीस मीटर असो. पनीरही थुंकलं तर त्याचा अर्थ पनीर वाईट असा नाही, डोकं त्या क्षणी खाण्याच्या पलीकडे गेलंय, तेव्हा हाका मारत बसू नका, दोरीने हळूच लांब न्या. घाबरलेलं कुत्रंही खात नाही, शेपूट खाली आणि अंग आखडलेलं असेल तर ते भीतीचं बघा आधी.

‘किती दिवस खायला द्यावं लागेल’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण सगळे विचारतात. ‘बस’साठी महिन्याभराने कधी द्या कधी नुसती पाठ थोपटा, चालतं. बोलावल्यावर यायचा पगार मात्र मी कधीच बंद करत नाही, रस्त्यावर रिक्षा येत असताना ज्या सवयीवर तिचा जीव अवलंबून आहे तिथे काटकसर कसली.

स्वयंपाकघरातलं जे चालत नाही ते आता भराभर सांगते, तुम्ही फ्रिजवरच्या यादीखाली लाल पेनने लिहा. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजलेले, पावडर, कसेही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे फोडणीची पोळी, भाजीचा रस्सा, कांदालसूण मसाला सगळं गेलं. तुमच्याकडचा चिवडा, तो माणसांसाठीच ठेवा. चॉकलेट, कॉफी आणि चहापत्ती, गाळून उरलेली चोथापत्तीसुद्धा, कचऱ्याच्या डब्याला झाकण लावा. जायफळ, त्यामुळे श्रीखंड आणि पुरणपोळीही नाही, सणाच्या दिवशी पाहुण्यांना हे आधीच सांगा. आंबा चालतो, कोय नको, ती आतड्यात अडकून ऑपरेशनची वेळ येते. सफरचंद, चिकू बी काढून. आणि आईंना डायबेटिस वगैरे असेल आणि घरात शुगर-फ्री काही येत असेल, च्युइंगगम, पीनट बटर, काहीही, तर पाकिटामागे झायलिटॉल किंवा 967 हा आकडा शोधा, तो असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली जाते, लिव्हरही जाऊ शकतं, थोड्याशा प्रमाणातसुद्धा.

तुम्ही नको म्हणालात म्हणून चिकन नाही, पण बाकीच्या वाचकांसाठी एकच ओळ, मसाला पडायच्या आधी बिनमिठाच्या पाण्यात उकडलेले दोन तुकडे बाजूला काढा, शिजवलेलं हाड कधीच नको, त्याच्या काचा होतात. अंड्यालाही तोच न्याय, नुसतं उकडून, एका अंड्यात सत्तरेक कॅलरी धरा. खारवलेले मासे नकोत. उन्हात वाळवलेला बिनमिठाचा जवळा कोरडा भाजून चिमूटभर दिलात तर कुत्रं मांजर काय, नवऱ्यालाही विसरेल.

आता आई. त्यांना ‘बिस्किटं देऊ नका’ असं म्हणू नका, एकतर त्या ऐकणार नाहीत आणि दुसरं म्हणजे मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढला असं होईल, ते तुम्हालाही नको वाटेल. त्यापेक्षा रोज सकाळी एक स्टीलची वाटी आईंच्या ताब्यात द्या. त्या दिवसाचा सगळा कोटा त्या वाटीत, शंकरपाळे, डाळं, रताळं, आणि मोजून बिनतुपाच्या पोळीची एक चतकोर, बारीक तोडलेली. पनीरच्या डबीचं मोजमापही त्याच हिशोबात धरा. घरातलं कोणीही बुंदीला काही देणार असेल तर त्याच वाटीतून, आणि वाटी संपली की संपली, त्या दिवशीची हिशोबनीस आई. माझा अनुभव असा की हिशोब हातात दिला की सासवा आपल्यापेक्षा कडक होतात. आणि चहाच्या वेळचा लाड तसाच राहू दे, फक्त आईंनी बेडरूमच्या दारातून ‘धाव-धाव’ म्हणायचं, मग बरणीचं झाकण वाजवायचं, मग शंकरपाळा. हाक आधी, झाकण नंतर, हा क्रम मात्र पाळायला सांगा, उलटा झाला तर बुंदी झाकणच ऐकेल. आठवड्याभराने झाकण वाजवायचं सोडून द्यायचं.

पंधरा दिवसांनी मला कळवा. रिकाम्या पार्किंगमध्ये दहापैकी किती वेळा आली ते लिहा, आणि आईंचे दहापैकी किती ते वेगळं लिहा, कारण मला वाटतंय त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा जास्त येणार आहे, आणि तसं झालं तर मांजर असलेल्या पार्किंगमध्ये बटवा त्यांच्या कमरेला बांधा.